उलटा मिस्ड कॉल

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या अंगाला ज्या नव्या कॉलन्या झाल्यात, त्यांतल्या एका घरात सोमशेखर एकटा राहतो. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत त्याची सकाळ ठरलेली. रोज एका कपापुरता चहा टाकतो आणि टेबलावर मोबाईल उताणा ठेवून बसतो. चहा वर यायला लागला की मोबाईल वाजायला लागतो. वाजतो आणि बंद पडतो, परत वाजतो, परत बंद. सोमशेखर एकही कॉल उचलत नाही. ज्याचा आला त्याला उलटा एक मिस्ड कॉल देतो, पलीकडं एक रिंग गेली की तोडतो आणि पुढच्याची वाट बघतो. घरात एखादा पाव्हणा बसला असता तर म्हणाला असता, हा गृहस्थ कुणाला तरी चुकवतोय. पण त्या घरात पाव्हणा कुठला यायला बसलाय?

सोमशेखर एका सहकारी दूध संघाचा डेटाबेस सांभाळतो. असं सांगितलं की कॉलनीतली माणसं 'व्हय का' म्हणून दुसऱ्या विषयाला हात घालतात, म्हणून जरा उलगडून सांगतो. संघाला दूध घालणाऱ्या गावोगावच्या संस्था आहेत. सकाळ-संध्याकाळ बायामाणसं किटल्या घेऊन तिथं येतात. दूध काट्यावर जातं, मशीन फॅट सांगतं, आणि कुणाचं दूध किती नि फॅट किती, ही नोंद गावच्या कॉम्प्युटरवरून थेट संघाच्या सर्व्हरमध्ये येऊन पडते. जिथं पडते आणि जपली जाते, तो डेटाबेस. तो बसला की सगळंच बसतं. टँकर दारात उभे राहतात, दूध तापायला लागतं, आणि दुधाच्या आधी चेअरमन तापतात.

ही मिस्ड कॉलची भानगडही त्याचीच. गावात इंटरनेट नवीन होतं, आज असायचं तर उद्या नसायचं, आणि फोनला पैसे पडायचे, त्या काळात संस्थांच्या सेक्रेटरींची बैठक झाली होती. सोमशेखरनं उभं राहून सांगितलं, "दूध संपलं, माहिती पाठवली, की मला एक मिस्ड कॉल टाकायचा. मी उचलणार न्हाय. मिळाला म्हणून मी उलटा देतो, तो तुमी उचलायचा न्हाय. उचलाउचली करायची न्हाय, आपलं काम नुसत्या रिंगवर." माणसं हसली, पण पद्धत पडली. पुढं फोन फुकट झाले, इंटरनेट सुधारलं, संघाला काचेची इमारत आली, तरी ही पद्धत काही सुटली नाही. आमच्याकडं एकदा एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती मोडायला कुणी पुढं येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

बायको होती तेव्हा या रिंगांवरून घरात रोज चेष्टा व्हायची. "उठा, माझ्या सवती वाजाय लागल्या," असं गौरा स्वयंपाकघरातून म्हणायची. मग एक दिवस छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत गेली. लेक सुष्मिता बेंगळुरात, नोकरी आणि लहान लेकरू यांत पिचलेली. ती सकाळी फुलाचं चित्र पाठवते, हा हात जोडल्याचं चित्र पाठवतो, आणि बापलेकीचं बोलणं झालं असं दोघं धरून चालतात. तिला तरी कुठल्या तोंडानं नावं ठेवायची? घरात माणसाचा आवाज उरला नव्हता. उरल्या होत्या त्या रिंगा. त्या वाजत होत्या तोवर सोमशेखरला वाटायचं, आपण अजून कुणाच्या तरी खिजगणतीत आहोत. हे तो कुणाला बोलला नाही. बोलायला होतं कोण?

तर यंदा उन्हाळ्यात त्याच्याच डेटाबेसनं त्याला तोंडघशी पाडलं. सर्व्हरची डिस्क हळूहळू भरत आली होती आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही. एका सकाळी ऐन दुधाच्या वेळेला सगळं ठप्प झालं. सेक्रेटरींचे मिस्ड कॉल येईनात, खरे कॉल यायला लागले, तेव्हा याला कळलं. दुपारपर्यंत त्यानं जागा करून गाडं चालू केलं, पण व्हायची ती शोभा झाली होती.

संघाचे व्यवस्थापक उदयसिंह, वयानं सोमशेखरपेक्षा लहान, पण माणूस सरळ. त्यांनी बोलावून घेतलं. "अण्णा, तुमच्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "पण रोग झाल्यावर कळण्यापेक्षा ताप आल्यावर कळलं पाहिजे. डेटाबेसची तब्येत बघणारी, आधी सावध करणारी टूल्स बाजारात हायत. तुम्ही चालवून बघा, तुम्ही ठरवा, मी सही करतो. टूल तुम्ही म्हणाल ते." मग म्हणाले, "आणि गावागावांतनं माहिती येते का न्हाय हेही ते टूल बघणार असंल, तर ते मिस्ड कॉलचं आता बंद करूया. बाहेरची माणसं हसतात."

सोमशेखर 'बरं' म्हणून बाहेर आला. डिस्क भरल्याचं बोलणं त्याच्या मनाला लागलं नव्हतं, ते रास्तच होतं. लागलं ते शेवटचं वाक्य. चांगलं टूल निवडलं तर सकाळ मुकी होणार, आणि निवडायचं कुणी, तर त्यानंच.

त्यानं तीन टूल्स काढली आणि एकाच डेटाबेसवर तिन्ही लावली. कामात त्यानं कुचराई केली नाही, हे आधी सांगून ठेवतो. पहिलं टूल निघालं बोंबल्या. संध्याकाळी सगळ्या गावांचं दूध एकदम आलं की सर्व्हरवर ताण येणारच, त्यात नवल काय? पण हे रोज त्याच वेळेला धोका, धोका म्हणून संदेशांचा सडा घालायचं. दोनचार दिवसांत सोमशेखर ते संदेश न वाचताच पुसायला लागला, आणि मग त्यालाच उमगलं, की आपण न वाचता पुसतोय म्हणजे हे टूल मेलं. खरा धोका आला तरी या गर्दीत तोही पुसला जाईल. त्यानं त्यावर काट मारली.

दुसरं अगदी उलट. साधं, हलकं, लावायला सोपं. पण डेटाबेस चालू आहे की बंद, एवढंच सांगणार. चालू असेल तर गप्प, बंद पडला तर फोन. अहो, बंद पडल्यावर गावातनं फोन येतातच की. दहाव्याला येऊन 'आजारी होते का' म्हणून विचारणाऱ्या पाव्हण्यासारखी ही गत.

तिसरं मात्र पोचलेलं होतं. डिस्क अशीच भरत राहिली तर कधी भरेल ते आधी सांगायचं. डेटाबेसला विचारलेल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर रेंगाळतेय, बॅकअप झाला की राहिला, तेही सांगायचं. रोजचा संध्याकाळचा ताण हा रोजचाच आहे, हे एकदा शिकवलं की परत त्यावरून ओरडायचं नाही. गावांच्या जत्रांच्या तारखासुद्धा त्याला सांगता येत होत्या, कारण जत्रेदिवशी निम्मं दूध पाव्हण्यांच्या चहातच संपतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जिथून माहिती यायला हवी होती आणि आली नाही, त्या गावाचं नाव ते वेळ टळताच पुढं करायचं. मिस्ड कॉलचं कामच की ते.

सोमशेखर त्या पडद्याकडं बघत राहिला आणि त्याला भीती वाटली.

मग त्याच्या मनानं दुसऱ्या टूलची वकिली सुरू केली. सोपं आहे, आपल्या माणसांना झेपेल. जास्त शहाणं टूल घेऊन करायचंय काय, गावं तर मिस्ड कॉलवर नीट चाललीत. दोन्ही मिळून भागतंय की. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत, आणि सोमशेखर हुशार असल्यामुळं त्याला जरा जास्तच सुचली. उदयसिंहांना सांगायची वाक्यं त्यानं मनात जुळवून ठेवली. आता फक्त तिसऱ्या टूलमध्ये एखादी खोट मिळायला हवी होती.

ती मिळाली, असं त्याला वाटलं. कागलच्या पुढं आडबाजूला एक गाव आहे. तिथल्या संस्थेचे सेक्रेटरी पिराजी. तिसरं टूल सारखं सांगत होतं, की या गावातून कित्येक दिवस काही आलेलंच नाही. आणि इकडं पिराजींचा मिस्ड कॉल मात्र सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून घ्यावं असा. सोमशेखरनं डेटाबेस उघडून बघितला, तर गावच्या नोंदी जागच्या जागी. तो खूश झाला. म्हणजे टूल खोटं बोलतंय. पिराजीसारखा माणूस कशाला खोटं बोलेल? पण सांगताना पुरावा भक्कम हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोटारसायकल काढून हायवेला लागला.

संस्था म्हणजे देवळाशेजारची एक खोली. पिराजी दारातच बसले होते. याला बघून उठले, पण चेहऱ्यावर जरा गडबडल्याची कळा.

"या, या, सोमअण्णा. आधी कळवायचं न्हाय का? च्या सांगतो."

सोमशेखरची नजर आतल्या टेबलाकडं गेली. फॅटचं मशीन होतं, कॉम्प्युटर होता, पण त्याच्यावर पोतं टाकलेलं. त्यानं पोतं उचललं. मशीनपासून कॉम्प्युटरला जाणारी वायर उंदरांनी कुरतडली होती आणि कॉम्प्युटर कधीचा बंद होता.

"पिराजीराव, हे कधीपास्नं?"

"झालं की आता बरंच दिस," पिराजी खाली बघत म्हणाले. "मी चिठ्ठी लिवतो, दुधाच्या टेम्पोतनं पाठवतो. तितं दूध गार करायच्या सेंटरवर पोरं भरत्यात आकडं. दूध काय कुणाचं बुडलं न्हाय."

म्हणजे नोंदी दिसत होत्या त्या मागाहून हातानं भरलेल्या. गावातून थेट काही येतच नव्हतं, आणि थेट नोंदीबरोबर दूध घालणाऱ्याला जाणारा मेसेजही जात नव्हता. टूल बरोबर होतं. सोमशेखर खुर्चीवर बसला.

तेवढ्यात शालूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. एका म्हशीचं दूध घालणाऱ्या. संघाचा माणूस आलाय हे त्यांना गल्लीतच कळलं होतं.

"पावणं, तुमी संघाचं न्हवं?" त्या म्हणाल्या. "माज्या दुधाचा मेसेज का जात न्हाय वो? माजा विश्वजित पुण्याला आसतो, त्याचा लंबर दिलाय हितं. सकाळी मेसेज आला की त्याला कळतं, आई उठली, धार काढली, दूध घातलं. आता येत न्हाय तर शेजाऱ्यापाजाऱ्यास्नी फोन करून सोडलाय त्यानं. परवा तर गाडी करून येतो म्हणाला. मी म्हटलं आरं बाबा, मी हाय धडधाकट, तुमचं ते मशीन मेलंय."

सोमशेखरनं त्यांना दोन दिवसांत मेसेज सुरू होईल असं सांगितलं. बाई गेल्यावर तो पिराजींकडं वळला. आता त्याला राग आला होता, आणि त्यात स्वतःवरचा किती होता ते त्याचं त्याला माहीत.

"मिस्ड कॉल कशाला देत होता मग? माहिती गेली की द्यायचा, असं ठरलंय न्हवं? वायर तुटली म्हणून सांगितलं असतं तर त्याच दिवशी माणूस पाठवला असता मी."

पिराजींनी ते पोतं घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "खरं सांगू का अण्णा? रागावू नगासा. वायरचं आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत ऱ्हायलं, चूक माजी. पर मिस्ड कॉल मी माहितीसाठी देतच न्हवतो. वैनी गेल्यापास्नं न्हाय. मी कॉल टाकतो, तुमचा उलटा येतो, की मी म्हनतो, चला, अण्णा उठल्यात. एकटा मानूस. घरात पडला-झडला तर कुनाला कळायचं?" त्यांनी टोपी सारखी केली. "मी एकलाच न्हाय. मागल्या बैठकीला आमी सेक्रेटरी लोक बोललोय ह्यावर. काय बी होऊ दे, अण्णांस्नी कॉल चुकवायचा न्हाय."

चहा आला. सोमशेखर कप हातात धरून बसला. इतकी वर्षं तो समजत होता, की आपण गावांची राखण करतोय. इथं गावंच त्याची करत होती. आणि ती करता करता खरी राखण राहून गेली होती. कितीजणांच्या वायरी तुटल्या असतील आणि आपली खुशाली कळावी म्हणून कितीजण नुसती रिंग देऊन मोकळे झाले असतील, हे आता कुणी सांगावं? त्याला रडू आलं. पिराजी समोर होते म्हणून त्यानं चहा गरम असल्याचं निमित्त केलं.

परतताना मोटारसायकल त्यानं अगदी हळू चालवली. मनात भांडण चाललं होतं. आता तर ते कॉल सोडवत नव्हते. आधी नुसत्या रिंगा होत्या, आता प्रत्येक रिंगेमागं माणूस होता. दुसरं टूल घ्यावं, कुणाला काय कळतंय? पण शालूबाईंचा पोरगा पुण्याहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करतोय, हे काही मनातून जाईना. मिस्ड कॉल चालू राहिले की सेक्रेटरींना वाटणार, कॉल दिला म्हणजे काम झालं. आपल्या चहाला सोबत हवी म्हणून त्या पोराला घोर लावायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं उदयसिंहांना तिसऱ्या टूलचं नाव सांगितलं. वायर बदलणारा माणूस त्याच दिवशी पिराजींच्या गावाकडं गेला. सेक्रेटरींच्या ग्रुपवर सोमशेखरनं स्वतःच्या आवाजात सांगितलं, की उद्यापासून मिस्ड कॉल बंद, कुणी द्यायचा नाही, आता टूल बघेल, त्याचंच ऐकायचं. ग्रुपवर अंगठेच अंगठे आले. पिराजींनी अंगठा दिला नाही. त्यांनी सरळ फोन केला, आणि सोमशेखरनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा कॉल उचलला, कारण दुपारची वेळ होती आणि रिंग लांबली होती.

"बंद म्हनता, बंद करतो," पिराजी म्हणाले. "पर मग तुमचं कसं कळायचं?"

"माझं काय कळायचंय? मी हाय की," सोमशेखर म्हणाला.

टूल लागू झालं आणि त्यानं काम चोख केलं. कुठं माहिती अडली की दूध गावातून हलायच्या आत कळायचं. त्यात एक सोय होती. धोक्याचा फोन सोमशेखरनं उचलला नाही तर थोड्या वेळानं तो दुसऱ्या माणसाला लागायचा. तिथं उदयसिंहांचा नंबर घातला. म्हणजे डेटाबेसची काळजी घ्यायला आता दोन माणसं झाली. चेअरमननी सभेत सोमशेखरचं नाव घेऊन कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी चहा वर यायचा आणि मोबाईल गप्प असायचा. पहिले काही दिवस त्यानं आवाज मोठा आहे ना, म्हणून बटण दाबून बघितलं. मग तेही सोडलं. टेबलावर बसून चहा पिण्यात अर्थ वाटेना, म्हणून तो ओट्यापाशी उभ्यानंच पिऊन टाकू लागला. सुष्मिताचं फूल येत होतं, तो हात जोडत होता.

एका रविवारी त्याला बरं वाटत नव्हतं. ताप वगैरे नव्हता, अंग नुसतं जड झालं होतं, आणि घरातली शांतता छातीवर बसल्यासारखी झाली होती. टूलच्या पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे ठीकठाक होतं. कुणाशी तरी बोलावं, काहीही बोलावं, म्हशीचं, पावसाचं, वायरीचं, असं त्याला फार वाटलं. त्यानं पिराजींना फोन लावला.

एक रिंग गेली, दुसरी गेली. या वेळी त्यानं तोडला नाही, कानाला धरून बसला. काय म्हणायचं ते त्यानं ठरवलं होतं. 'पिराजीराव, सहज केला' असंच म्हणायचं. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि संपली. कुणी उचलला नाही. मग लगेच त्याचा मोबाईल वाजला. पिराजींचं नाव दिसलं. त्यानं झडप घालून हात नेला, पण एका रिंगेत तो बंद पडला होता.

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तिकडं पूर्ण वाजला, आणि पुन्हा इकडं एक रिंग येऊन तुटली.

तिसऱ्यांदा लावायला त्याचं बोट गेलं आणि थांबलं. तिकडं गावात संस्थेच्या दारात पिराजी बसले असतील. अण्णांचा मिस्ड कॉल आला, कॉल बंद म्हणाले तरी अण्णांनी आठवणीनं दिला, म्हणून त्यांना किती बरं वाटलं असेल, ते सोमशेखरला बसल्या जागी दिसत होतं. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला. अण्णा उठल्यात, त्यांचं बरं चाललंय, एवढं पिराजींना कळलं होतं.